वेगळं राहायला लागल्यापासून हुकूमनामा हातात येईपर्यंत

नवराबायकोपैकी कुणी पहिल्यांदा सल्ल्याला आलं की आम्ही भांडणाचं कारण नंतर विचारतो, आधी तारीख विचारतो. एकत्र राहणं नेमकं कधी थांबलं? बहुतेकांना ती चटकन सांगता येत नाही. गणपतीनंतर माहेरी गेले, दिवाळीत चार दिवस आले होते, मग पुन्हा गेले, असं उत्तर येतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली परस्पर संमतीने घटस्फोट मागायचा तर अर्ज दाखल करण्याआधी लगतचं किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, म्हणून हा प्रश्न पहिला. विशेष विवाह कायद्याच्या कलम २८ मध्येही वर्षाचीच अट आहे. दिवाळीचे ते चार दिवस मुलासाठी होते की संसार पुन्हा सुरू करण्यासाठी, हे म्हणूनच खोदून विचारावं लागतं.

वेगळं राहण्यासाठी छप्पर वेगळं असलंच पाहिजे असं नाही. नवराबायको म्हणून नांदणं थांबलेलं असेल तर एकाच घरात राहूनही ते वेगळे राहत होते असं धरता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच स्पष्ट केलं आहे. पुण्या-मुंबईत दोन घरभाडी परवडत नाहीत, त्यामुळे असे अर्ज येत राहतात. अडचण होते ती इतर कागदांमुळे. अर्जात जूनपासून वेगळे राहतो असं लिहिलेलं, आणि पोलिसांकडच्या जुन्या तक्रारीत किंवा पोटगीच्या अर्जात ऑक्टोबरपर्यंत सासरीच होते असं सांगितलेलं. दोन्ही शपथेवर असेल तर न्यायाधीश प्रश्न विचारणारच. आधीच्या प्रत्येक तक्रारीची आणि अर्जाची नक्कल वकिलाला पहिल्या भेटीतच द्या.

ह्या वेगळ्या राहण्याच्या काळात कायद्याच्या नजरेत काय बदलतं? जवळपास काहीच नाही, आणि लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज इथेच असतो. दहा वर्षं तोंड पाहिलेलं नसलं तरी हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा घटस्फोटाचा हुकूम, होईपर्यंत लग्न टिकून असतं. हिंदू माणूस मृत्युपत्र न करता गेला तर त्याची वेगळी राहणारी बायको हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे पहिल्या वर्गातली वारस म्हणून मुलांच्या आणि सासूच्या बरोबरीने हिस्सा घेते. बायको गेली तर तिच्या कमाईच्या मिळकतीत नवऱ्याला मुलांबरोबर हिस्सा जातो. हे नको असेल तर दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करावं, त्यासाठी घटस्फोटाची वाट पाहायची गरज नाही. दुसरं लग्न केलं तर ते अवैध ठरतं आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मूल दत्तक घ्यायचं तर जोडीदाराची संमती लागते. मात्र एक गोष्ट वेगळं राहिल्यामुळे खरोखर बदलते आणि ती फार थोड्यांना माहीत असते: वेगळ्या राहणाऱ्या पत्नीशी तिच्या संमतीशिवाय शरीरसंबंध ठेवणं हा न्याय संहितेच्या कलम ६७ खाली गुन्हा आहे. त्याला किमान दोन आणि कमाल सात वर्षांची शिक्षा आहे, आणि न्यायालयाचा हुकूम झालेला नसला तरी हे कलम लागू होतं.

मग येते नोटरीची सोडचिठ्ठी. मुद्रांकावर दोघांच्या आणि चार पंचांच्या सह्या, खाली नोटरीचा शिक्का, आणि 'आजपासून आमचा एकमेकांशी संबंध नाही' हे वाक्य. हिंदू विवाह कायद्याप्रमाणे ह्या कागदाने लग्न मोडत नाही. काही समाजांत रूढीने काडीमोड होते आणि कलम २९(२) ती मान्य करतं, पण तशी रूढी आपल्या समाजात आहे हे पुराव्याने सिद्ध करावं लागतं, नुसतं म्हणून भागत नाही. ह्या कागदाचा खरा फटका पोटगीत बसतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, म्हणजे १ जुलै २०२४ च्या आधीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, सांगतं की नवराबायको परस्पर संमतीने वेगळे राहत असतील तर पत्नीला त्या कलमाखाली पोटगी मिळत नाही. बाई माहेरच्यांच्या सांगण्यावरून 'आम्ही राजीखुशीने वेगळे राहत आहोत' अशा कागदावर सही करते, आणि दोन वर्षांनी पोटगीच्या अर्जावर समोरचा वकील तोच कागद दाखल करतो. अशा मसुद्यावर सही करायच्या आधी तो वकिलाला दाखवा, ही आमची कळकळीची विनंती आहे.

घटस्फोट नको पण एकत्रही राहायचं नाही, त्यांच्यासाठी हिंदू विवाह कायद्याच्या कलम १० खाली न्यायालयीन विभक्ततेचा हुकूम आहे. लोक तो फारसा मागत नाहीत, पण आमच्या मते उतारवयातल्या जोडप्यांनी त्याचा विचार जरूर करावा. लग्न कायम राहतं, वारसाहक्क राहतो, पोटगी मागता येते, फक्त एकत्र राहण्याचं बंधन जातं. ह्या हुकमानंतर वर्षभरात पुन्हा संसार सुरू झाला नाही, तर त्याच आधारावर दोघांपैकी कुणालाही घटस्फोट मागता येतो.

आता परस्पर संमतीचा अर्ज. जिल्ह्यात कौटुंबिक न्यायालय असेल तर तिथे, नसेल तर वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे. लग्न जिथे झालं, शेवटचं एकत्र जिथे राहिलात किंवा समोरचा पक्ष जिथे राहतो तिथल्या न्यायालयात जाता येतं. एकतर्फी, म्हणजे नवऱ्याच्या संमतीशिवाय, अर्ज करणाऱ्या पत्नीला ती सध्या राहते तिथेही करता येतो. सोबत लग्नाचा पुरावा लागतो: विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर लग्नपत्रिका आणि फोटो. शिवाय दोघांची ओळखपत्रं, पत्त्याचे पुरावे, मुलांचे जन्मदाखले आणि दोघांत ठरलेल्या अटींचा मसुदा. महाराष्ट्रात घटस्फोट आणि पोटगीच्या दाव्यांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकीलही मिळतो, आणि त्यासाठी स्त्रीला उत्पन्नाची अट नाही.

दाखल झालेला अर्ज विवाह समुपदेशकाकडे जातो. दोघांशी वेगवेगळं आणि मग एकत्र बोलणं होतं. अनेकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. पण संमती खरी आहे की दडपणाखाली दिली आहे हे इथेच उघड होतं, आणि मुलाच्या भेटीच्या अटींतल्या त्रुटीही बऱ्याचदा समुपदेशकाच्याच लक्षात येतात. त्यानंतर सहा महिन्यांचा थांबा असतो. अर्ज दाखल झाल्यापासून सहा महिन्यांनंतर आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा एकत्र येऊन हुकूमनामा मागायचा असतो. हा थांबा माफ होऊ शकतो, हे २०१७ च्या अमरदीप सिंग प्रकरणातल्या निकालापासून सर्वांना ठाऊक झालं आहे, त्याच्या अटी मात्र कुणी वाचत नाही. अर्जाच्या आधीच दीड वर्ष वेगळं राहणं झालेलं असावं, समेटाचे प्रयत्न फसलेले असावेत आणि पोटगी, मुलांचा ताबा वगैरे सगळं मिटलेलं असावं. वर्ष आणि दोन महिने झालेलं जोडपं माफीचा अर्ज करतं, तो नामंजूर होतो, आणि त्यात जी तारीख पडते ती वाया जाते.

शेवटच्या टप्प्यावर दोघं पुराव्याचं प्रतिज्ञापत्र देतात. न्यायाधीश मोजके प्रश्न विचारतात: संमती स्वतःहून दिली का, अटी समजल्या का, देणं-घेणं पूर्ण झालं का. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. पैशाचे टप्पे ठरवताना म्हणून काळजी घ्यावी. सगळी रक्कम दाखल करतानाच दिली तर देणारा उघडा पडतो आणि सगळी नंतर ठेवली तर घेणारी. आम्ही साधारणपणे एक भाग दाखल करताना आणि उरलेला डिमांड ड्राफ्टने हुकमाच्या दिवशी न्यायालयात, असं लिहितो, आणि रक्कम मिळाल्याची पुरसीस (न्यायालयात द्यायचं लेखी निवेदन) त्याच दिवशी देतो. पोलिसांत क्रूरतेचा गुन्हा दाखल असेल तर तो कौटुंबिक न्यायालयात मिटत नाही. तो रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. तक्रारदार पत्नी तिथे प्रतिज्ञापत्र कधी देईल आणि पैशाचा कोणता हप्ता त्याला जोडलेला असेल, हे अटींत नेमकं लिहावं.

सर्वांत जास्त घोळ फ्लॅटचा होतो. महाराष्ट्रात लग्नामुळे जोडीदाराच्या मिळकतीत आपोआप अर्धा मालकी हक्क येत नाही. दस्तावर ज्याचं नाव त्याची मालकी, दुसऱ्याला राहण्याचा आणि पोटगीचा हक्क. गोव्यात हे वेगळं आहे. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालते, आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर दोघांची मिळकत सामाईक होऊन प्रत्येकाचा अर्धा वाटा धरला जातो. सावंतवाडीची मुलगी आणि म्हापशाचा मुलगा असं लग्न असेल, तर कोणता कायदा लागतो हे अटी लिहायच्या आधी पाहावं लागतं.

महाराष्ट्रात दोघांच्या नावावरचा फ्लॅट एकाकडे जायचा असेल तर वेळ साधणं महत्त्वाचं. राहत्या घराचं बक्षीसपत्र नवरा किंवा बायकोच्या नावे केलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, शहरी भागात स्थानिक अधिभार वेगळा. हुकूमनामा झाल्यावर मात्र ती दोघं नवराबायको राहत नाहीत. तेव्हा तोच हिस्सा द्यायला गेलात तर ही सवलत मिळत नाही आणि आकडा लाखांत जाऊ शकतो. जोडीदाराकडून आलेल्या मिळकतीवर आयकर लागत नाही, ती सवलतही नात्यावरच अवलंबून आहे. म्हणून बक्षीसपत्र हुकमाच्या आधी, शक्यतो पुराव्याच्या तारखेला चिकटून नोंदवावं. फार आधी नोंदवलं आणि दुसऱ्याने संमती काढून घेतली तर फ्लॅट गेलेला असतो आणि लग्न तसंच असतं. हुकमातूनच हिस्सा द्यायचा असेल तर त्या फ्लॅटचं पूर्ण वर्णन मूळ याचिकेत आणि मागणीत घालावं. वादाचा विषय नसलेली मिळकत फक्त अटींत घुसवली तर हुकमाची नोंदणी करावी लागते, आणि सह निबंधकांच्या कार्यालयात तो कागद अडतो.

गृहकर्ज असेल तर बँकेला तुमच्या अटी बांधील नसतात. 'यापुढचे हप्ते पती भरतील' असं हुकमात आलं तरी बँकेच्या लेखी दोघं सहकर्जदारच. हप्ते थकले की दोघांचाही पतगुणांक घसरतो. अर्ज दाखल करण्याआधीच बँकेत जाऊन एकट्याच्या उत्पन्नावर कर्ज चालू राहील का ते लेखी विचारावं. पुष्कळदा उत्तर नाही असं येतं, आणि मग फ्लॅट विकून कर्ज फेडणं हाच मार्ग उरतो. हे शेवटच्या तारखेला कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. सोसायटीचा भागदाखला, वीजमीटर, वाहनतळाची जागा ह्यांचाही उल्लेख अटींत हवा.

स्त्रीधनाची यादी वजनासकट करावी: पाटल्या दोन, अमुक ग्रॅम, पावती आहे किंवा नाही, सध्या कोणत्या लॉकरमध्ये. 'सर्व दागिने परत मिळाले' हे मोघम वाक्य नंतर दोन्ही बाजूंना भांडायला मोकळं रान देतं. स्त्रीधनावर पत्नीची एकटीची मालकी असते, सासरच्यांकडे ते ठेवायला दिलेलं असलं तरीही.

मुलांबाबत अटी जितक्या बारीक तितकं पुढचं भांडण कमी. 'वडिलांना भेटण्याचा हक्क राहील' ह्यावर थांबू नका. कोणते शनिवार, किती ते किती, आणून कोण सोडणार, उन्हाळ्याच्या सुट्टीतला कोणता पंधरवडा, दिवाळी यंदा कुणाकडे आणि पुढच्या वर्षी कुणाकडे, आजारपणात भेट चुकली तर बदली दिवस कोणता, फोन कोणत्या वेळी, हे सगळं लिहा. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहतं. फीची रक्कम, दरवर्षीची वाढ आणि बारावीनंतरच्या शिक्षणाचा वाटा आकड्यांत यावा. आईने स्वतःची पोटगी सोडली तरी मुलाची पोटगी तिला सोडता येत नाही, तो मुलाचा स्वतंत्र हक्क आहे. तशी अट लिहिलेली असली तरी नंतर पोटगी मागता येते, आणि ताब्याच्या अटीही मुलाच्या हितासाठी पुढे बदलता येतात.

संमती होतच नसेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ खालचा एकतर्फी दावा उरतो, आणि तो वर्षानुवर्षं चालतो. त्या काळात त्याच कायद्याच्या कलम २४ खाली अंतरिम पोटगी नवरा किंवा बायको दोघांपैकी कुणीही मागू शकतं. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जं ह्यांचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. ते प्रतिज्ञापत्र अर्धवट भरणं हे उशिराचं एक नेहमीचं कारण आहे. परदेशातल्या मराठी मंडळींसाठी एवढं सांगायला हवं: भारतात हिंदू पद्धतीने झालेलं लग्न तिकडच्या न्यायालयाने आपल्या कायद्यात नसलेल्या कारणावर, समोरच्याच्या सहभागाशिवाय मोडलं, तर तो हुकूम इथे मान्य होत नाही. ह्याबाबतचा १९९१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आजही लागू आहे. तिकडचा कागद घेऊन इथे दुसरं लग्न करणारे अडचणीत येतात.

हुकूमनाम्याच्या निदान तीन प्रमाणित नकला काढा. भविष्यनिर्वाह निधी, विमा, बँक ठेवी, म्युच्युअल फंड ह्यांतलं जुन्या जोडीदाराचं नामनिर्देशन घटस्फोटाने आपोआप रद्द झालं असं धरून चालू नका, प्रत्येक ठिकाणी नवा अर्ज द्या. शिधापत्रिका, पारपत्र आणि आरोग्य विम्यातली नावंही बदला. एकरकमी पोटगी भांडवली स्वरूपाची धरली जाते आणि तिच्यावर आयकर लागत नाही, दरमहाची पोटगी मात्र घेणारीचं उत्पन्न मानली जाते. संमतीच्या हुकमावर अपील नसतं. एकतर्फी दाव्यात अपिलाची मुदत संपेपर्यंत दुसरं लग्न करू नये.

लग्नाशिवाय एकत्र राहिलेल्यांची फारकत कायद्याच्या दृष्टीने फार सोपी वाटते, कारण कुणाचा हुकूम लागत नाही. एक जण बॅग घेऊन निघाला की संबंध संपला. महाराष्ट्रात अशा संबंधाची नोंदणी नाही, उत्तराखंडने समान नागरी संहितेत नोंदणीही सक्तीची केली आणि संबंध संपल्याचं निवेदनही. पण ह्या सोपेपणाची किंमत अशी की प्रत्येक हक्क पुराव्याने उभा करावा लागतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात 'विवाहासारखे संबंध' असलेल्या स्त्रीला संरक्षण, राहण्याचा हक्क आणि आर्थिक मदत मागता येते. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये कसोट्या घातल्या: दोघं समाजात जोडपं म्हणून वावरत असावेत, लग्नाच्या वयाचे असावेत, लग्न करायला कायद्याने मोकळे असावेत आणि स्वेच्छेने बऱ्यापैकी काळ एकत्र राहिलेले असावेत. पुरुष विवाहित आहे हे माहीत असूनही राहिलेल्या स्त्रीला २०१३ च्या निकालाने हे संरक्षण मिळत नाही. दोघांच्या नावाचा नोंदणीकृत भाडेकरार, संयुक्त खातं, दवाखान्यातल्या संमतीपत्रावरची सही, सोसायटीच्या नोंदी हे कागद इथे साक्षीदारांपेक्षा भारी ठरतात. अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होतो. पुरुष जोडीदाराला पोटगीचा मार्ग नाही.

मिळकतीत नुकसान सर्वांत मोठं होतं. एकाने पैसे घातले आणि फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर घेतला, तर ते पैसे मागायला बेनामी व्यवहार कायदा आडवा येतो. जोडीदाराच्या नावे स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून घेतलेल्या मिळकतीला त्यात अपवाद आहे, पण तो लग्नाच्या जोडीदारासाठी. म्हणून दस्तावर दोघांची नावं आणि टक्केवारी हवी, आणि पैसे ज्याच्या खात्यातून गेले त्याची नोंद हवी. वाटणीचा दावा दिवाणी न्यायालयात होतो. एकमेकांना हिस्सा बक्षीस दिला तर २०० रुपयांची सवलत नाही, आणि मूल्य ५०,००० रुपयांवर गेलं तर घेणाऱ्याला आयकर लागतो. जोडीदार मृत्युपत्राशिवाय गेला तर वारसाहक्क शून्य, मग एकत्र वीस वर्षं झालेली असोत. समलिंगी जोडप्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालानंतर लग्नाचा मार्ग बंद आहे, त्यांना तर मृत्युपत्र, संयुक्त नाव आणि नामनिर्देशन एवढीच साधनं उरतात.

अशा संबंधातल्या मुलाला आईवडिलांकडून पोटगी मागता येते, आणि हिंदू पालकत्व कायद्याच्या कलम ६ प्रमाणे त्याची पहिली पालक आई असते, वडील तिच्यानंतर. वडिलांचं नाव जन्मदाखल्यावर नसेल आणि वडील पितृत्व नाकारत असतील, तर पोटगीच्या अर्जातच डीएनए चाचणीची मागणी करावी. नाव लावायचं दोघांनाही मान्य असेल तर ते मूल लहान असतानाच महापालिकेच्या जन्मनोंदणीत करून घ्यावं, कारण शाळेच्या दाखल्यावर एकदा वेगळं नाव पडलं की जन्मदाखला, दाखला आणि पारपत्र तिन्ही जुळवायला राजपत्रापर्यंत जावं लागतं.